गाठ मारेपर्यंत

"धागा दातांत धर. आता एक अक्षर बोलायचं नाही," आई म्हणाली, आणि एर्सिलियानं वीतभर तांबडा दोरा दातांत धरला.

गावाच्या मिरवणुकीत एर्सिलिया किल्लेदारीण व्हायची, आणि त्या किल्लेदारणीच्या झग्याच्या पाठीला ना हूक, ना बटण, ना नाडी. खऱ्या किल्लेदारणीलाही दासी अशीच शिवून टाकत, असं आईचं म्हणणं. म्हणून संत अलेस्सांद्रोच्या मिरवणुकीच्या दिवशी मानेपासून कमरेपर्यंतची पाठ आई अंगावरच शिवायची आणि परत आल्यावर उसवायची. आता अंगावर कपडा शिवून घेताना बाईनं तोंड उघडलं तर सुईबरोबर तिची अक्कलही शिवली जाते, हे इस्किया बेटावर शेंबडं पोरसुद्धा जाणतं. शेवटची गाठ मारेपर्यंत घर पेटलं तरी बोलायचं नाही. एर्सिलिया हे नऊ वर्षं करत आली होती. वर्षातला तेवढाच एक अर्धा तास आपल्याला कुणी काही विचारत नाही, म्हणून तिला तो आवडायचाही.

आज मात्र तो आवडत नव्हता. रविवारी सशाच्या रश्श्यावर ताव मारून झाल्यावर बहीणभावांत जे ठरलं होतं ते आईला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ठरलं होतं ते असं, की आईनं आता मुलाकडे, अनिएल्लोकडे, समुद्रापलीकडच्या पोझ्झुओलीला राहायला जायचं, आणि एर्सिलियानं एक ऑक्टोबरपासून नापोलीच्या नाट्यगृहात कपडेपट सांभाळायची नोकरी धरायची. एकोणचाळिसाव्या वर्षी अशी नोकरी दारात चालून येते का कधी? नाट्यगृहाचा निरोप आल्यापासून तिला धड झोप नव्हती. पण आईला हे मिरवणूक पार पडल्यावर सांगायचं, त्याआधी चकार शब्द नाही, असा तिनं अनिएल्लोकडून शब्द घेतला होता.

आणि हा अनिएल्लो कसा, तर मिरवणुकीसाठी अर्धा शिपाई होऊन समोर उभा. खाली लाल तंग विजार, वर पत्र्याचं चिलखत, पायांत घरच्या सपाता. पोझ्झुओलीत तो गाडी शिकवायचा वर्ग चालवायचा आणि तिथं म्हणे सगळे त्याला साहेब म्हणत. त्याची बायको ओर्नेल्ला एर्सिलियाच्या केसांत मोती गुंफत होती. तिच्या ओठांत सहा पिना होत्या, त्यामुळे नवऱ्याकडे बघून फुटणारं हसू तिला नाकातून सोडावं लागत होतं.

"हसतेस काय? मापच चुकलंय विजारीचं," अनिएल्लो म्हणाला.

"माप गेल्या वर्षीचंच आहे," आई मागून म्हणाली. "पोट यंदाचं आहे."

अनिएल्लोच्या खिशात फोन वाजला, म्हणजे वाजला असता, पण विजारीला खिसा नव्हता, तो चिलखताच्या आत खोचला होता. त्यानं तो बाहेर काढला आणि वाचला. भावाचा हा चेहरा एर्सिलियाला लहानपणापासून माहीत होता. काच फोडून घरी येताना तो असाच दिसायचा.

"आई, उद्या सकाळी जरा लवकर ऊठ."

"मी पाचला उठते. तूच दहाला उठतोस."

"तसं नाही. पहिल्या बोटीनं तोनिनोचा टेम्पो येतोय."

"कशाला?"

"तुझी पेटी न्यायला. आणि पलंग."

पाठीवरची सुई थांबली. एर्सिलियानं डोळे वटारून भावाकडे पाहिलं. असे वटारले, की ओर्नेल्लाच्या हातातला मोती खाली पडला.

"माझा पलंग कुठं निघालाय?" आईनं अगदी शांतपणे विचारलं.

"आमच्याकडे. तू आता आमच्याकडे राहायचंस. किती दिवस एकटी राहणार?"

"एकटी कुठं? एर्सिलिया आहे की."

अनिएल्लोनं घसा खाकरला. "एर्सिलियाला सगळं ठाऊक आहे, आई. रविवारीच ठरलं. तिनंच हो म्हटलं."

मेल्या! एर्सिलियाच्या घशातून हुंकार आला, दोरा ओठांबाहेर सरकला. तोच अंगुस्तानाची टोपी घातलेलं आईचं बोट तिच्या खांद्यावर टक्कन बसलं.

"गप्प. गाठ मारेपर्यंत गप्प. मग सांगेल ती काय सांगायचं ते."

सुई परत चालू लागली. आई पुढं काहीच बोलेना. ओरडली असती, सुई फेकली असती, मेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन रडली असती तर एर्सिलियाला परवडलं असतं. ही शांतता तिला सोसवेना.

ओर्नेल्लानं ओठांतल्या पिना हातात घेतल्या. "पलंग? दोन महिन्यांसाठी कुणी पलंग नेतं का?"

"दोन महिने कोण म्हणालं?"

"तू म्हणालास! ऑक्टोबर अखेरपर्यंत म्हणालास. मी मुलींच्या खोलीत खाट टाकायचं कबूल केलं ते तेवढ्यापुरतंच."

"आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? आईंसमोर बोल. मला सांगितलं दोन महिने, बहिणीला काय सांगितलंस?" ती एर्सिलियाकडे वळली. "तुला काय सांगितलं यानं? कायमचं?"

एर्सिलियानं होकारार्थी मान हलवली. मान हलवायला बंदी नव्हती.

"वा! छान! म्हणजे घरात शेवटी कळणारी बाई मीच."

"शेवटची मी," आई म्हणाली. "तू रांगेत माझ्या पुढं आहेस, ओर्नेल्ला, उगीच तक्रार करू नको."

एरवी एर्सिलियाला हसू आलं असतं. पण तिचं लक्ष आता पाठीवर गेलं होतं. नऊ वर्षं तिनं या सुईची चाल अंगावर घेतली होती. तीन टाके भरभर, मग एक ओढ, परत तीन टाके. झोपेतही ओळखली असती तिनं. आज तसं होत नव्हतं. आज आधी बोट यायचं, मखमलीची कड चाचपायचं, तिथंच दाबून राहायचं, आणि मग सुई त्या बोटाच्या कडेकडेनं आत शिरायची. दोनदा ती कातडीला टोचली. आईची सुई टोचली? अंधारात वीज गेलेली असताना हिनं बिशपचा अंगरखा शिवला होता.

चिडलीय, म्हणून हात थरथरतोय, असं एर्सिलियानं स्वतःला सांगून पाहिलं. पण पहिला टाकाही तसाच पडला होता, अनिएल्लोनं तोंड उघडायच्या आधी.

तेवढ्यात आई म्हणाली, "अगं ती खिडकी उघडा कुणीतरी. उजेडच नाही."

खिडकी सताड उघडी होती. चारचं ऊन थेट खाटेपर्यंत आलं होतं. ओर्नेल्लाला वाटलं सासूबाई हवेबद्दल बोलताहेत, तिनं पडदा बाजूला केला. एर्सिलिया मात्र खाटेवरच्या उन्हाकडे बघत राहिली.

मग तिला एकेक आठवू लागलं. वसंतापासून रोज सकाळी आई दहा सुया तिच्याकडून ओवून घ्यायची, 'तुझे डोळे काय फुकटचे आहेत' म्हणून. कॉफी ओतताना पेल्यात बोट बुडवायची, आणि एर्सिलिया तिच्यावर वैतागली होती, 'आई, शी, काय ही सवय!' चर्चला जाताना हल्ली हात धरायची, गुडघा दुखतो म्हणायची. एका छपराखाली राहून, एकाच टेबलावर शिवण करून आपल्याला कळलं नाही. कळलं नाही, की नापोलीच्या नादात कळून घ्यायचंच नव्हतं? तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेबरोबर भीती. कारण हे आत्ता अनिएल्लोला समजलं तर उद्याचा टेम्पो पक्का, आणि अनोळखी घरात चाचपडत आई कुढून मरणार. नाही समजलं आणि आई इथंच राहिली, तर शेगडी, जिना, विहीर आणि ही न दिसणारी बाई एकटी टाकून आपण नापोलीला जाणार कसे? दोन्हीकडून कुणीतरी मरत होतं, एकदा आई आणि एकदा आपण.

दार धाडकन उघडलं. ब्रिजिदा आत्या आली. ही वारलेल्या बाबांची बहीण, खालच्याच मजल्यावर राहणारी, आणि मिरवणूक मंडळाची. मंडळाची म्हणजे काय, मंडळच ती. हातात यादी, गळ्यात शिट्टी.

"ढोलवाले पुलावर पोचले, ग्रीकांची सोंगं तयार, रोमन तयार, एका रोमनाला उलटी झाली पण तयार. किल्लेदारीण कुठंय? अजून अर्ध्या पाठीपर्यंतच? वहिनी, गेल्या वर्षी या वेळेला गाठ बसली होती!"

"गेल्या वर्षी माझा मुलगा माझा पलंग उचलत नव्हता."

आत्याला सगळं सांगायला अनिएल्लोला दोन मिनिटं लागली. त्याला वाटलं, ही आपल्या बाजूनं बोलेल, आणि तसं वाटायला कारणही होतं. तीस वर्षं झाली, किल्लेदारणीची सुई आपल्या हातात यावी म्हणून आत्या टपून बसली होती. भावजय गेली की सुई तिचीच.

आणि सुरुवातीला ती बोललीही तशीच. "बरोबर आहे पोराचं. वय झालं, वहिनी. आता आराम करायचा. सुईबिई आम्ही बघू."

"बघशील तू. बघ."

"पोझ्झुओलीत समुद्र आहे, बाजार आहे..."

"समुद्र इथं नाही का?"

"कितव्या मजल्यावर राहता रे तुम्ही?" आत्यानं अनिएल्लोला विचारलं.

"चौथ्या," ओर्नेल्ला म्हणाली. "लिफ्ट नाही."

आत्या थबकली. यादीची घडी केली. "कायमचं नेताय?"

"कायमचं," अनिएल्लो म्हणाला.

"पण मग..." आत्या म्हणाली. चाळीस वर्षं रोज सकाळी जिन्यात उभं राहून या दोघी भांडल्या होत्या, पाणी कुणी सांडलं, मांजर कुणाचं, संताच्या फुलांचे पैसे कुणी दिले नाहीत. "पण मग सकाळी मी बोलू कुणाशी?"

आईची सुई तेवढी चालत होती, चाचपत, थांबत.

"झालं," आई अखेर म्हणाली. गाठ मारली, दात लावून दोरा तोडला. "जा."

एर्सिलिया एक पाऊल पुढं सरकली आणि मागून ओढ बसली. झगा ताणला, आणि त्याबरोबर आईही एक पाऊल पुढं आली, खुर्चीला धडकून. एर्सिलियाला वळता येईना, पण मान तिरपी केल्यावर कडेच्या आरशात ओर्नेल्लाच्या खांद्यावरून तिला दिसलं. आईच्या काळ्या एप्रनचा कोपरा झग्याच्या पाठीत शिवला गेला होता. चार टाके, नीट, घट्ट. आईनं स्वतःलाच लेकीच्या पाठीला शिवून घेतलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"कोण ओढतंय?" आई म्हणाली. "सोड."

आत्यानं पाहिलं. तिचं तोंड उघडलं. इस्किया बेटावरची सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई ती. आता हिच्या तोंडून ते बाहेर पडणार, सुई जाणार, आई जाणार, एर्सिलियानं डोळे मिटून घेतले.

"माझाच पाय पडला झग्यावर," आत्या म्हणाली. "थांब, वहिनी. हलू नको." टेबलावरची कात्री उचलून तिनं एप्रनचा कोपरा कच्चकन कापला, टाक्यांतला काळा तुकडा नखानं आत ढकलला आणि उरलेला खिशात कोंबला. "झालं. मीच मेली वेंधळी. नीट बसलीय शिवण. सुरेख बसलीय."

आत्यानं आईच्या शिवणीला सुरेख म्हटलं! आरशात ओर्नेल्लाची आणि एर्सिलियाची नजरानजर झाली. ओर्नेल्लाचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही कळलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. अनिएल्लो वाकून विजारीची सुरकुती काढत होता, त्याला काही दिसलं नव्हतं.

"बोल आता," तो सरळ होत म्हणाला. "गाठ झाली ना? सांग आईला, रविवारी हो म्हणालीस की नाही? मला एकट्याला वाईट करू नका."

एर्सिलियानं दातांतला दोरा काढला. तीन बायकांनी एक गोष्ट झाकून धरली होती आणि ती झाकून ठेवणं तिच्या जिवावर आलं होतं. निदान आपलं तरी उघडं सांगावं.

"हो," ती म्हणाली. "मी हो म्हटलं, आई. एक ऑक्टोबरपासून मला नापोलीच्या नाट्यगृहात नोकरी मिळालीय. कपडेपटाची. मला जायचंय. फार जायचंय मला. आणि आज सांगू नको म्हणून मीच याला बजावलं होतं."

"का? आज का नाही?"

"तुझा चेहरा बघवला नसता मला."

आई हसली. कोरडं, एकदाच.

"माझा चेहरा! अगं, मे महिन्यापासून मला तुझा चेहरा दिसत नाही, आणि तू माझ्या चेहऱ्याला घाबरतेस?"

खाली रस्त्यावर कुणीतरी तुतारी फुंकून पाहत होतं, ती बेसूर वाजली आणि थांबली.

"दिसत नाही म्हणजे?" अनिएल्लोनं विचारलं.

"म्हणजे दिसत नाही. धुकं. माणूस आहे की कपाट एवढं कळतं. तू लाल विजारीत कसा दिसतोस ते मला तुझ्या बायकोच्या हसण्यावरून कळलं." तिनं आत्याच्या दिशेनं तोंड केलं, थोडं चुकलंच. "आणि ब्रिजिदा, माझ्या एप्रनला भोक पाडलंस ते मी बोटांनी पाहिलंय. उपकार करायला तू कधीपासून लागलीस?"

आत्या रडायला लागली. शिट्टी गळ्यात घालून, भोकाड पसरून.

"बघा!" अनिएल्लोचा आवाज चढला, पण तो रागावला नव्हता, घाबरला होता. "म्हणूनच म्हणतो मी, टेम्पो..."

"टेम्पोला परत पाठव," ओर्नेल्ला म्हणाली. "आधी डॉक्टर. मी नेते यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मी. तू चार महिने फोनवर 'कशी आहेस, बरी आहेस' करत होतास. आणि मीही."

"मी खालीच आहे," आत्या हुंदक्यांतून म्हणाली. "दोन्ही वेळचं जेवण मी वर आणीन."

"तुझ्या हातचं अळणी? त्यापेक्षा पोझ्झुओली बरं."

"आई, मी नाही जात," एर्सिलिया म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मी कळवते त्यांना. नाही जात मी नापोलीला."

आईचं तोंड तिच्याकडे वळलं. जणू ती धुक्यात काही शोधत होती. एर्सिलिया वाट बघत होती, हो म्हण, नको म्हण, काहीतरी म्हण.

"तुला कुणी विचारलं?" आई म्हणाली. "खाली जा. ढोल सुरू झाले."

बस्स, एवढंच. ना हो, ना नाही. आत्यानं डोळे पुसले, यादी उघडली आणि एर्सिलियाला दंडाला धरून जिन्यावरून खाली नेलं.

पुलाच्या टोकाशी, किल्ल्याच्या दारात, रांगा लागल्या. पुढं ग्रीक, मग रोमन, मग आरागोनच्या स्पॅनिश राजाचे सरदार, झेंडे उडवणारी पोरं, ढोल. मखमलीच्या झग्यात एर्सिलियाच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि आईच्या वेड्यावाकड्या टाक्यांतली एक गाठ मणक्याला रुतत होती. तिला ती रुतलेली बरी वाटली. किल्लेदारणीनं किल्ला शत्रूला दिला नाही, म्हणून मिरवणुकीत ती कुणाला मान झुकवत नाही, कुणाकडे बघून हसत नाही आणि कुणाशी बोलत नाही. पूल संपेपर्यंत एर्सिलियाला ते सोपं गेलं. तिला कुठं हसू येणार होतं! आपण जायचं की राहायचं, हेच तिला ठाऊक नव्हतं. आई एका शब्दानं मोकळं करू शकली असती, एका शब्दानं बांधूनही ठेवू शकली असती. तिनं दोन्ही केलं नव्हतं.

बोळात गर्दी दाटली. सज्जांवरून रेशमी चादरी सोडलेल्या, फुलं पडत होती. शिपायांच्या रांगेत एक जागा रिकामी होती, अनिएल्लोची. आत्या शिट्टी फुंकून त्याच्या नावानं ओरडत पुढंमागं धावत होती.

तो वर होता. घराच्या सज्जात पत्र्याचं चिलखत घालून आईच्या शेजारी उभा. एक हात तिच्या खांद्याभोवती, तोंड तिच्या कानाशी, आणि तो सारखा बोलत होता, न थांबता, आयुष्यात कधी बोलला नसेल इतकं. बोट दाखवून सांगत होता. आंधळ्या बाईला बोट दाखवून! दुसऱ्या बाजूला ओर्नेल्ला. आणि आईचं तोंड होतं ते भलतीकडेच. ढोल पुढं निघून गेले होते, ती आवाजाच्या रोखानं तिकडेच बघत होती, मान उंच करून, हसू ओठांवर आणून. तिची लेक तिच्या नाकाखालून चालली होती आणि ती रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हसत होती.

एर्सिलिया थांबली. मागचे सरदार तिच्या झग्यावर आले.

"आई!" किल्लेदारीण ओरडली. अख्खा बोळ गप्प झाला. "आई, तिकडे नाही! मी इथं आहे! खाली, इथं!"

सज्जातली मान वळली. हळूहळू, आवाज शोधत, आणि बरोबर तिच्यावर येऊन थांबली.

"ओरडतेस कशाला? बहिरी झालेली नाही मी!" आईचा आवाज कड्यावरून आल्यासारखा खणखणीत आला. "चाल पुढं! लोकं खोळंबलीत! आणि नापोलीत असं मध्येच बोंबललीस तर पहिल्या दिवशी हाकलून देतील तुला!"

बोळभर हशा पिकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एर्सिलियानं झगा सावरला, डोळे पुसले नाहीत, कारण किल्लेदारीण डोळे पुसत नाही, आणि ती चालू लागली.